आंब्यावर शिक्रा, खळ्यात पिल्लं

मार्च लागला की मला येणाऱ्या पत्रांत घार, शिक्रा, ससाणा ही नावं वाढतात. कैऱ्या धरायच्या दिवसांतच शिक्र्यांची घरटी होतात आणि गावठी कोंबड्याही त्याच सुमारास खुडूक बसतात. दोघींनाही पिल्लं वाढवायची असतात आणि दोघींचं परस एकच. या वेळी निम्म्याहून जास्त पत्रं याच विषयावरची आहेत, म्हणून सगळं पान त्यांनाच दिलं. पत्रं थोडी आखडती केली आहेत, नावं गाळली आहेत.

बाई, आमच्या गावठी कोंबडीची अकरा पिल्लं निघाली, त्यातली सात पंधरा दिवसांत गेली. सासरे म्हणतात घार नेते, मुलगा म्हणतो शिक्रा. त्याने बेचकी करून ठेवली आहे. परसातल्या फणसावर घरटं आहे, तेही काढून टाकतो म्हणतो. काय करू? (गुहागर तालुका)

ताई, आधी बेचकी काढून घ्या. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा घरटं मोडणं आणि अंडी काढणं हेही शिकारीतच धरतो. मुलाच्या हातून नकळत असं काही व्हायला नको. पण कायद्याने तुमची पिल्लं वाचणार नाहीत, तेव्हा कामाचं बोलते.

आधी नेतंय कोण ते ठरवा. घार उघड्या आभाळातून येते, तिच्या शेपटीला मध्ये खाच असते आणि झडप घालून न थांबता वर निघून जाते. शिक्रा झाडाच्या आतून निघतो. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेने, कमरेएवढ्या उंचीवरून, आवाज न करता येतो. बऱ्याचदा तो आला कधी हे कळतच नाही. कावळा मात्र आधी खळ्यात, म्हणजे अंगणात, उतरतो, तिरपा चालत जवळ येतो, आणि अगदी लहान पिल्लं सगळ्यात जास्त तोच उचलतो. दोष घारीवर जातो. मुंगूस असेल तर गडग्याच्या भोकाशी पिसं सापडतात.

सगळ्यात खात्रीचं म्हणजे कोंबडीचं ऐका. आभाळातलं काही दिसलं की ती एकच लांब, बारीक, ओढलेला स्वर काढते. पिल्लं असतील तिथे चिकटून गप्प होतात. कुत्रा, मुंगूस असं जमिनीवरचं काही आलं तर ती मान उंच करून तुटक ‘कट्-कट्-कटाक’ लावते आणि लावूनच धरते. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्यांनी कोंबडीच्या या दोन हाका वेगवेगळ्या नोंदवून ठेवल्या आहेत. माझ्या सासूबाई चुलीपुढून न उठता सांगायच्या, ‘‘वर बघ गो, वरचा आहे.’’ आणि वर खरंच घार असायची. चार दिवस कान देऊन ऐका, वेळ लिहून ठेवा. तुमच्या सासऱ्यांचं आणि मुलाचं भांडण आपोआप मिटेल.

आता उपाय. शिक्रा पारव्याएवढा पक्षी आहे. मोठी कोंबडी त्याच्या आवाक्यातली नाही, तलंगही नाही. धोका पहिल्या तीन-चार आठवड्यांचा. तेवढे दिवस पिल्लं आईसकट डाल्याखाली ठेवा. मोकळी सोडायची ती संध्याकाळी, कुणीतरी खळ्यात बसलेलं असताना. खळ्यात आडोसा करा: चार खुंट्यांवर दोन झाप तिरपे टाकले की झालं. दाणे नेहमी त्या झापाखालीच टाका, म्हणजे हाक आली की पिल्लांना लपायला लांब धावावं लागत नाही. मासेमारी करणाऱ्या कुणाकडून जुनं जाळं मिळालं तर वरून बांधा, पण ताणून बांधा. सैल लोंबणाऱ्या जाळ्यात धामण अडकते, घुबड अडकतं, आणि ते सोडवणं फार जिवावरचं काम होतं.

आणखी एक. मासे साफ केल्यावर खवलं-आतडी परसात कुठे फेकता? बहुतेक घरी ती केळीच्या बुंध्याशी, म्हणजे कोंबड्यांच्याच जागी जातात. घारीला तिथे यायची सवय आपणच लावतो, मग ती पिल्लंही बघते. खड्डा करून वर माती ओढा. आमच्या वाडीत दोन घरांनी एवढंच केलं आणि घारींचं घिरट्या घालणं त्या दोन खळ्यांवरून उठलं.

फणसावरचं घरटं शिक्र्याचं असेल तर ते कावळ्याच्या घरट्यासारखंच काटक्यांचं, विस्कटलेलं दिसतं. तीन-चार अंडी, तीन आठवडे उबवण, मग महिनाभरात पिल्लं उडतात. म्हणजे सगळा मामला दोन महिन्यांचा. त्या दोन महिन्यांत खाली बसून एकदा बघा तो काय आणतो ते. मी एका उन्हाळ्यात रोज सकाळी पडवीतून बघत होते. सरडे, पाली, पुन्हा सरडे, एखादा मोठा नाकतोडा, एकदा खारीचं पोर. नर येतो, घरट्यावर न जाता शेजारच्या फांदीवर बसून ‘टि-टू, टि-टू’ करतो. मादी तिथे जाते, त्याच्याकडून घेते आणि घरट्यात आणून पिल्लांच्या तोंडात मावतील असे तुकडे करते. तिच्या चोचीच्या टोकाला कोळ्याच्या जाळ्याएवढा बारीक मांसाचा धागा असतो आणि तो ती मान वाकडी करून अलगद देते. तुमच्या मुलाला हे एकदा दाखवा.

आमच्या सोसायटीच्या दारात नीलमोहराचं झाड आहे. आठवडाभर एक शिक्रा शाळेला जाणाऱ्या मुलांच्या डोक्यावरून झेप घेतो. एका मुलाच्या कानाला ओरखडा आला. (रत्नागिरी)

पिल्लं घरट्याच्या काठावर आली आहेत. दोन-तीन आठवड्यांत हे थांबेल. तोवर मुलांच्या हातात छत्री द्या, उघडून डोक्यावर धरायची आणि न धावता जायचं. तो पाठीमागून येतो, समोरून बघणाऱ्याच्या अंगावर सहसा येत नाही. दुसऱ्या बाजूने जाता येत असेल तर तिथे एक पाटी लावा. ओरखडा साबणाने धुऊन डॉक्टरांना दाखवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते बघा.

श्रीवर्धनजवळ आमचं माड-पोफळीचं आगर आहे. उंदीर कोवळे नारळ पोखरून पाडतात. दुकानदाराने माडाच्या शेंड्यात ठेवायला उंदराच्या औषधाच्या मेणाच्या वड्या दिल्या. मागल्या वर्षी त्या ठेवल्या आणि पंधरवड्यात विहिरीशी एक गव्हाणी घुबड मेलेलं मिळालं. दोन्हींचा संबंध असेल का? (श्रीवर्धन तालुका)

फार दाट शक्यता आहे. या प्रश्नाला मी थोडा वेळ घेणार आहे, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे.

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलं तेव्हा तुमच्यासारखंच आमचंही आगर आडवं झालं. दापोली-मंडणगडपासून श्रीवर्धन-मुरूडपर्यंत कुणाचं उरलं होतं? सासऱ्यांनी लावलेले माड मुळासकट उपटून एकमेकांवर पडले होते. जे उभे राहिले त्यांच्यावर आमचा जीव. दोन वर्षांनी त्यांना पुन्हा पेंडी धरू लागल्या आणि उंदरांनी बोराएवढी, लिंबाएवढी फळं पोखरून खाली टाकायला सुरुवात केली. रोज सकाळी बुंध्याशी भोक पडलेली पाच-सहा फळं. मी माडावर चढून नारळ पाडणाऱ्या पाडेल्याच्या हातून शेंड्यांत वड्या ठेववल्या.

त्या वड्यांत ब्रोमाडायोलोन असतं, ०.००५ टक्के. आकडा लहान वाटतो. हे विष रक्त गोठू देत नाही. उंदीर खाल्ल्या खाल्ल्या मरत नाही, तीन-चार-पाच दिवस जातात. या दिवसांत तो सुस्तावतो, उजेडी बाहेर येतो, पळत नाही. शिकारी पक्ष्याला यापेक्षा सोपं भक्ष्य कुठलं? विष उंदराच्या यकृतात साठलेलं असतं आणि ते तसंच पुढे जातं. एका उंदराने पक्षी मरेलच असं नाही, पण तीन-चार खाल्ले की साठत जातं.

एप्रिल होता. आमच्या रायवळ आंब्यावर शिक्र्याचं घरटं होतं, तीन पिल्लं होती. पाणी शेंदायला गेले तर मादी विहिरीच्या कठड्यावर बसलेली. हातभर अंतरावर गेले तरी उठली नाही. डोळे अर्धे मिटलेले, पंख सैल सोडलेले. पायावर नखाएवढा ओरखडा होता आणि त्यातून रक्त येत होतं, थेंब थेंब, थांबतच नव्हतं. कठड्याच्या दगडावर त्याची बारीक रेघ खालपर्यंत गेली होती. पंच्यात गुंडाळून तिला तालुक्याला नेलं. जनावरांच्या डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं. आतून ती पांढरीफटक होती. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘बाई, उंदराचं औषध ठेवलंत का?’’ के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं, तेच त्याच्यावरचा उतारा, पण वेळेत मिळालं तर. रात्री ती गेली.

नर सरडे आणत राहिला. आणायचा, फांदीवर बसून हाक द्यायचा, मादी येत नाही म्हटल्यावर सरडा घरट्याच्या काठावर ठेवून जायचा. पिल्लं दहा-बारा दिवसांची, त्यांना फाडता येत नव्हतं. सगळ्यात मोठं होतं ते कसंबसं शिकलं. तिघांतलं तेवढं एक उडालं. त्या महिन्यात मी घरात कुणाशी नीट बोलले नाही.

आता आम्ही काय करतो ते सांगते. प्रत्येक माडाला, जमिनीपासून डोक्याच्या वर, साधारण दोन मीटरवर, हातभर रुंद गुळगुळीत पत्र्याचा पट्टा गुंडाळला आहे. उंदराची नखं त्यावर धरत नाहीत. नुसत्या पट्ट्याने मात्र भागत नाही. उंदीर शेजारच्या माडावरून, पोफळीवरून, झावळ्या एकमेकींत गेल्या असतील तर उडी मारून येतो. म्हणून लागणाऱ्या झावळ्या छाटायच्या, शेंडा साफ ठेवायचा, वाळलेली पोय आणि झावळ्यांच्या बुडातली जुनी जाळी काढायची. दाट आगरात सगळे माड सुटे करता येत नाहीत, तिथे चाप आणि पिंजरे. पट्ट्याच्या खर्चाची कुरकुर आमच्याही घरी झाली, पण पत्रा एकदा लावला की वर्षानुवर्षं टिकतो आणि वड्या दर हंगामाला आणाव्या लागतात. माडाची जाडी वाढत नाही, हेही सोयीचंच. खिळे मात्र बारीक, दोनच मारा.

आणि गव्हाणी घुबडाची जोडी असेल तर तिला जपा, मांगराच्या, म्हणजे आगरातल्या शेतघराच्या, माळ्यावरून हाकलू नका. पिल्लं असताना ती रात्रभर उंदीर वाहते. आपण विष घालून उंदीर मारतो आणि त्याच विषाने उंदीर मारणारं मारतो. मग पुढच्या वर्षी उंदीर आणखी वाढतात.

काळी भुकटी, म्हणजे झिंक फॉस्फाईड, हा त्याला पर्याय नव्हे. त्याने मेलेला उंदीर उघड्यावर पडतो, पोटात विष तसंच असतं आणि घार, कुत्रं, मांजर कुणीही उचलतं. आतापर्यंत ठेवलेल्या वड्या शेंड्यांतून उतरवून घ्या. मेलेले उंदीर सापडतील ते हाताने न उचलता फावड्याने घेऊन खोल पुरा.

बाई, मी नववीत आहे. मला पावशा आणि शिक्रा यांत नेहमी गोंधळ होतो. दोघेही राखाडी आणि छातीवर तांबूस रेघा. कसं ओळखू? (दापोली)

गोंधळ तुझा एकट्याचा नाही, पाखरांचाही होतो, आणि पावशाला तेच हवं असतं! तो चार पंख मारून तरंगत जातो ते थेट शिक्र्यासारखं. लहान पक्षी घाबरून घरटं सोडतात, तेवढ्यात पावशाची मादी सातभाईंच्या घरट्यात अंडं घालून निघून जाते. सातभाईंचं अंडं निळं, तिचंही निळं.

तू चोच बघ. शिक्र्याची आखूड आणि खाली वळलेली आकडी, पावशाची सरळ, बारीक. शिक्रा फांदीवर ताठ उभा बसतो, पावशा आडवा, शेपटी थोडी हलवत. शिक्र्याचे पाय पिवळे, लांब, नखं मोठी. पावशाचे पाय दिसतही नाहीत. नर शिक्र्याचा डोळा लालभडक होतो, मादीचा नारिंगी-पिवळा. लहान वयाच्या शिक्र्याच्या छातीवर रेघांऐवजी तपकिरी ठिपके-पट्टे असतात आणि गळ्याच्या मधोमध एक उभी काळसर रेघ, ती दिसली की शंका नको.

ऐकायला तर अगदी सोपं. ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ वर वर चढत गेलं की पावशा. ‘टि-टू’ म्हणजे शिक्रा, पण वर बघून खात्री कर, कारण भृंगराज कोतवाल शिक्र्याचा आवाज हुबेहूब काढतो. मी चाळीस वर्षं ऐकतेय, अजून फसते. वहीत तारीख, वेळ, झाड लिहीत जा आणि पाठव मला.

घरामागच्या मोठ्या आंब्यावर समुद्रगरुडाचं घरटं आहे. खाली माशांचे काटे, कधी मेलेला साप पडतो, वास येतो. घरात म्हातारी माणसं अपशकुन म्हणतात. झाड विकलं आहे, व्यापारी पुढच्या आठवड्यात येणार. नंतर वाद नको म्हणून विचारते. (देवगड तालुका)

व्यापाऱ्याला आजच फोन करा आणि थांबवा. तुमच्या पत्रात पिल्लू मोठं झालंय असं लिहिलंय, म्हणजे ते अजून उडालेलं नाही. आपल्या किनाऱ्यावर ही जोडी पावसाळा संपल्यावर घरटं सावरते, थंडीत अंडी घालते. उबवणीला जवळजवळ दीड महिना, मग पिल्लू उडायला आणखी अडीच महिने. आता झाड पाडलं तर पिल्लू मरेल आणि गुन्हा तुमच्या नावावर पडेल. शिवाय आंबा तोडायला परवानगी लागतेच, ती घेतली आहे का तेही बघा.

पण मला तुम्हाला झाड ठेवाच म्हणायचं आहे. कुणी कुणी याला काकण म्हणतात. ही जोडी वर्षानुवर्षं तेच घरटं वापरते, दर साली त्यात काटक्या घालत जाते. पंख पसरले तर टोकापासून टोकापर्यंत दोन मीटर भरतात. एवढं ओझं पेलेल असं जुनं, उंच, समुद्र दिसणारं झाड किनाऱ्यावर आता किती ठिकाणी राहिलं आहे? ‘निसर्ग’ने आणि २०२१ च्या ‘तौक्ते’ने पाडली, बंगल्यांसाठी आपण पाडली. तुमच्या झाडाला त्या जोडीने पसंत केलं, त्याचा अर्थ मी तरी अपशकुन लावणार नाही. वडील मंडळींना विचारा, घरटं किती वर्षांचं आहे आणि त्या वर्षांत घराचं काय वाईट झालं.

पडणारे साप समुद्रसाप असतात, शेपूट वल्ह्यासारखं चपटं असतं ते बघून कळेल. ते जहाल विषारी, मेलेल्याच्या तोंडालाही हात लावायचा नाही. फावड्याने उचला, पुरा, लहान मुलांना त्या दिवसांत झाडाखाली खेळू देऊ नका. काटे, विष्ठा आठवड्यातून एकदा ओढून मातीआड केली की वास राहत नाही, आणि माडाला खत होतं.

शिकारी पक्ष्याचं पिल्लू आंब्याखाली पडलेलं मिळालं. पांढरी लव, मध्ये मध्ये पिसं. दूध-पाव देतोय, खात नाही. (लांजा, फोनवरून आलेला प्रश्न)

फोनवर सांगितलं तेच सगळ्यांसाठी लिहिते. दूध नाही, पाव नाही, चोचीत पाणी ओतायचं नाही, ते श्वासनळीत जातं. जाड पंचा टाकून उचला, चोचीपेक्षा नखांना जपा. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. जखम नसेल तर टोपलीत वाळलेलं गवत घालून त्याच झाडाला, जमेल तेवढी उंच बांधा आणि लांबून बघा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकते हे खरं नाही, ती हाक ऐकून येते. जखम असेल किंवा संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही तर वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा. पाळायचं नाही, आवडलं तरी नाही.

लांज्याच्या पिल्लाचं कळवते: टोपली बांधल्यावर तासाभरात मादी येऊन काठावर बसली. तिच्या पायात पाल होती.

दिवाळीनंतर आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, एकदम वीस-पंचवीस लहान ससाणे दिसले, दोन दिवसांत गेले. हे कोण? (राजापूर तालुका)

पाय तांबडे-नारिंगी होते आणि हवेतच चतुर पकडून खात होते असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे अमूर ससाणे. ईशान्य आशियातून निघतात, नागालँडमध्ये थांबतात, मग भारत ओलांडून आपल्या किनाऱ्यावरून थेट अरबी समुद्रावर झेपावतात. खाली उतरायला जागा नाही, पलीकडे सोमालिया, तिथून आफ्रिकेच्या दक्षिणेला. २०१२ मध्ये नागालँडात दोयांग जलाशयाजवळ हे हजारोंनी जाळ्यात धरले जात होते. गावांनी पुढच्याच वर्षी ते बंद केलं. २०१३ च्या नोव्हेंबरात तिथल्या तीन ससाण्यांना उपग्रहाशी जोडलेले छोटे यंत्र लावलं, त्यांना नावं दिली नागा, वोखा आणि पांगती, आणि त्यांचा समुद्रावरचा प्रवास सगळ्यांनी नकाशावर बघितला. चतुरही त्याच दिवसांत, त्याच ईशान्येच्या वाऱ्यावर समुद्र ओलांडतात. वाटेतली शिदोरी हीच असावी असं अभ्यासक मानतात.

पुढच्या साली नोव्हेंबरच्या मध्यापासून संध्याकाळी चारनंतर सड्यावर जा. वाळलेलं गवत पेटवू नका तोवर, चतुर आणि नाकतोडे त्यातच असतात. किती दिसले आणि कुठल्या दिशेला गेले ते लिहा. मी आमच्या सड्यावर असेन.